रुखमाबाईचा तळहात

हरणखेडात कोणाला बैल घ्यायचा असला की तो आधी बैल रुखमाबाईच्या दारी आणी. पायातला जोडा बाहेर काढून उभा राही आणि म्हणे, "माय, जरा हात लावून दे." रुखमाबाई हातातलं काम टाकून धावत नसे. भाकर थापत असली तर ती तव्यावरून उतरवी, हात पुसे, पदर खोचे, मग बाहेर येई. दात, खूर, शेपूट पाहणारे गावात पन्नास होते. तो भाग तिनं त्यांच्यावर सोडलेला. ती बैलाला वावराच्या धुऱ्यापर्यंत पळवून आणायला लावी. आला की पुढच्या डाव्या पायामागं, कोपराच्या जराशी वर, उघडा तळहात टेकवून डोळे मिटून उभी राही. मग "घे" म्हणे, नाहीतर "जाऊ दे" म्हणे. काऊन म्हणून कोणी विचारलंच तर, "हाताले पूस."

हा हात तिला बापानं दिलेला. बाप वामनराव, मोताळ्याच्या बाजारात बैल घेणारा-विकणारा. पोरगा नव्हता, म्हणून पोरीलाच छकड्यात घालून बाजाराला न्यायचा. सात-आठ वर्षांची रुखमा बैलांच्या पोटाखालून इकडून तिकडं फिरायची. बाप तिचा हात धरून बैलाच्या बरगडीला लावायचा आणि सांगायचा, "एका ठोक्यात एकच वाजलं पाह्यजे. दोन वाजले तं बैल कितीबी देखणा असू दे, दावणीले बांधायचा नाई." एकदा चांद्या नावाचा गोऱ्हा आला होता. पांढराशुभ्र, मान हत्तीसारखी. रुखमेच्या हाताला ठोक्यात दोन लागले. बापानं परत केला. ज्यानं घेतला त्यानं त्याला बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात जुंपला, आणि चांद्या पटाच्या मधात, भर पळताना, खाली बसल्यासारखा बसला तो उठलाच नाही. पोरीनं ते पाहिलं. बैलाच्या अंगावर कुठं ओरखडाही नव्हता.

अकराव्या वर्षी लग्न होऊन ती हरणखेडात आली. नवरा उकंडराव, कमी बोलणारा, वावरात रमणारा. घर मात्र मानाचं. गावच्या खंडेरावाच्या बारागाड्या ओढायचा मान याच घराकडं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बारा गाड्या एकामागं एक बांधतात, त्यांत माणसं चढतात, आणि सगळ्यांत पुढच्या जुवाला बैल नाही, माणूस. त्याला भगत म्हणायचं. पाच दिवस आधी त्याला हळद लागते. दोन्ही बाजूंनी दोन बगले त्याच्या बगलेत हात घालून चालतात. भंडारा उधळतो, येळकोट होतो, आणि भगत बारा गाड्या देवळापर्यंत ओढतो. मागून माणसं रेटतात हे खरं, पण गाड्यांचा दोर त्याच्याच कमरेला.

भगत कोण, हे माणसं ठरवत नव्हती. देव ठरवायचा. या घरातलं एखादं जवान पोट्टं वावरात काम करता करता, पळता पळता एकाएकी धाडकन पडायचं, घटकाभर बेशुद्ध राहायचं आणि मग डोळे उघडायचं. झालं. खंडेराव अंगात आला, पोरगा निवडला. भगत एकदा नेमला की तो गाड्या ओढतो तोवर घरच्या बाईनं त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, असा रिवाज.

रुखमा आली त्या वर्षीचा भगत तिचा दीर पुंजाजी. वीस वर्षांचा. नव्या भावजयीला चिडवायचा, "वहिनी, तुमचं वजन भल्लं भरते हो, तुमाले शेवटल्या गाडीत बसवतो." गाड्या त्यानं देवळापर्यंत नेल्या, दोर सोडला, पायरीवर टेकला, आणि गेला. लोक म्हणाले, देवानं पायाशी घेतलं. पायरीजवळ त्याच्या नावाचा एक गोटा मांडला, शेंदूर लावला. सासू सत्यभामाबाई दर सोमवारी त्या गोट्याला पाणी घालायची, आणि डोळ्यांत पाणी असलं तरी मान ताठ ठेवून परत यायची. भगताची माय होती ती. उकंडरावाला कधी चक्कर आली नाही. देवानं त्याला विचारलं नाही, गावानंही नाही. मधली वर्षं चुलत घरचा एक माणूस नावापुरता दोर बांधून पुढं चाले.

पुढं वीस-बावीस वर्षांनी रुखमाबाईचा थोरला भगवान विहिरीवर मोट हाकता हाकता पडला. सतरावं लागलेलं. बुढ्या सत्यभामाबाईनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आला वं माय, घरी देव आला." भगवाननं दोन वर्षं गाड्या ओढल्या. तिसऱ्या वर्षी पन्नास पावलांवर तो बगल्यांच्या हातातून गळून खाली गेला. पायरीजवळ दुसरा गोटा झाला.

रुखमाबाई त्यानंतर सहा महिने कोणाच्या बैलाला हात लावत नव्हती. मग लावू लागली. वावर होतं, ढोरं होती, धाकटा उद्धव होता.

उद्धव सोळाचा झाला त्या वर्षी, माघात, खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. एक बैल खळं सोडून पळाला, उद्धव त्याच्या मागं धावला, वळवून आणला आणि मधल्या खांबापाशी, मेढीपाशी आल्याबरोबर तोंडावर पडला. बाया ओरडल्या. कोणी तांब्या आणायला गेलं. रुखमाबाई कणसाच्या ढिगावरून उतरली, त्याला उताणा केला, बंडी वर सारली. आणि हात आपोआप गेला, डाव्या बरगडीवर.

एका ठोक्यात दोन.

तिनं हात उचलला, पुन्हा ठेवला. धड-धड, जराशी थांब, धड-धड. जणू चांद्याचीच बरगडी तिच्या हाताखाली होती. तेवढ्यात पोरानं डोळे उघडले, आणि मागून बुढीचा आवाज आला, "आला वं. तिसऱ्यांदा आला."

त्या दिवसानंतर रुखमाबाईचं डोकं एकाच जागी फिरत राहिलं. बैलाचं माणसाला लागू पडतं का? दुपारी उकंडराव जेवून ओसरीत आडवा झाला की ती जाऊन त्याच्या छातीवर तळहात ठेवी.

"काय करून राह्यली वं?"

"गप पडा."

"लोक पाहून राह्यले ना."

"पाहू द्या. तुमच्यात एकच वाजते."

"मंग किती वाजाले पाह्यजे?" उकंडराव म्हणाला आणि कुशीवर वळला.

मग तिनं हात स्वतःच्या छातीवर ठेवला. एक. शेजारच्या कौशल्याबाईच्या पोराच्या. एक. गावातल्या ज्या कोणाला हात लावता आला त्याच्यात एकच वाजत होतं. उद्धवमध्ये दोन.

गाव आखाजीच्या तयारीला लागलं. नवं धोतर आणायचं म्हणून तिनं उद्धवला मोताळ्याहून मोटारीत घातलं आणि घाट चढून बुलढाण्याला नेलं. धोतर घेतलंच, पण आधी सरकारी दवाखान्यात. तिथला डॉक्टर नागपूरहून शिकून आलेला जवान माणूस. त्यानं नळी लावली, उद्धवला उभं करून ऐकलं, बसवून ऐकलं, मग रुखमाबाईकडं पाहिलं.

"बाई, याच्या हृदयाचं मांस जाड झालं आहे. घरात कोणी असं अचानक गेलं आहे का?"

"दोन."

"याला पळू देऊ नका. ओझं ओढू देऊ नका. औषध आमच्याजवळ नाही, खोटं कशाला सांगू." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"बैलाचं पाह्यतो तसं पाह्यलं."

डॉक्टरला आधी हसू आलं. मग त्यानं नळीची दोन टोकं तिच्या कानात घातली. तिनं घटकाभर ऐकलं आणि काढून दिली. "हातानं जास्त कळते," ती म्हणाली.

राजूर घाट उतरताना उद्धव म्हणाला, "गावात सांगू नको माय. आबरू जाईल."

"तुही आबरू का जीव?"

"भगवानदादानं ओढल्या. मी ओढनार नाई तं लोक काय म्हनतीन?"

रुखमाबाईनं धोतराची घडी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. भगवान तीन वर्षं भगत होता. तीन वर्षं तिनं त्याच्या अंगाला हात लावला नाही, रिवाज पाळला. गावभरच्या बैलांच्या बरगड्या चाचपणारा हात, आणि पोटच्या पोराच्या छातीवर एकदा ठेवला नाही.

हळदीच्या दिवशी देवळाच्या अंगणात सारं गाव जमलं. मधात पाट, पाटाशेजारी हळदीची वाटी. पाटलाच्या गादीचे किसनराव पुढं बसलेले. गाड्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडं. भगवानच्या कमरेला दोर त्यांनीच बांधला होता. बैलाची पारख करण्यात रुखमाबाईच्या खालोखाल गाव त्यांना मानत होतं, आणि हे खालोखाल त्यांना फारसं गोड लागत नव्हतं.

रुखमाबाई उद्धवचा दंड धरून सरळ मधात आली.

"रुखमाबाई, बायकाईनं तिकडं बसाचं," किसनराव म्हणाले.

"बसतो ना पाटील. पयले एक गोऱ्हा दाखवतो. पसंत पडला तं घ्या."

लोक हसले. "कुठी हाये गोऱ्हा?" कोणीतरी विचारलं.

"हा काय."

हसणं थांबलं. उद्धव खाली पाहत होता, कान लाल झाले होते. तिनं डॉक्टरचं सांगितलं. मागून एक बुढा म्हणाला, "दवाखान्याच्या मानसाले देवाचं काय कयते? त्यानं खंडेराव पाह्यला का कधी?" दुसरा म्हणाला, "बुलढाण्याले जाऊन आली म्हनून शहानी झाली."

"डॉक्टरचं सोडा," रुखमाबाई म्हणाली. "पाटील, गेल्या दिवाळीत तुमी मोताळ्याच्या बाजारात जोडी घेतली. घेन्याआधी काय केलं?"

"पयवून पाह्यली."

"अन् मंग?"

"मंग हात लावला." किसनराव चिडले. "मानसाचं अन् ढोराचं एक करून राह्यली का तू?"

"मी नाई केलं. बारा गाड्याले बैल नाई जुपत तुमी, मानूस जुपता. मंग बैलासारखं पाहून तं घ्या. याले पयवू मी नाई देनार. हात लावा फक्त."

किसनराव उठले नसते. पण सारं गाव पाहत होतं, आणि पारखीचा प्रश्न होता. ते उठले, बाही वर केली, उद्धवच्या उघड्या छातीवर पंजा टेकवला आणि बैलापाशी उभे राहत तसेच मान वाकडी करून उभे राहिले. बराच वेळ. मग हात काढला. शेजारी बगला म्हणून आलेला एक धिप्पाड गडी उभा होता, त्याच्या छातीवर ठेवला. पुन्हा उद्धवच्या. पिंपळावर पोपट ओरडत होते.

"हे दोन वाजून राह्यले," किसनराव हळू म्हणाले.

"हाव."

"असा गोऱ्हा कोनी फुकट देल्ला तरी मी कोठ्यात नाई बांधनार."

"मी बी नाई बांधत."

किसनरावांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणून विचारलं, "भगवानचं बी असंच होतं का?"

"मले नाई मालूम. मी त्याले हात नाई लावला. लावू नको, असं तुमीच सांगतलं होतं."

ती हे रागानं बोलली नाही. साधं बोलली, धान्य निवडताना बोलावं तसं. किसनराव पायरीवर बसले. त्या पायरीच्या बाजूलाच दोन गोटे होते.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून सत्यभामाबाई काठी टेकत पुढं आली. सत्तरीची बुढी. "रुखमे," ती म्हणाली, "मंग माह्या पुंजाले काय देवानं नाई नेलं?"

रुखमाबाईला याचीच भीती होती. पाटलाला उत्तर देणं सोपं होतं. पंचवीस वर्षं या बाईनं त्या गोट्याला पाणी घातलं होतं, आणि तेवढ्यावर ती उभी होती. "नेलं आत्याबाई," ती म्हणाली. "देवानंच नेलं. पन जुपलं आपन."

बुढीनं उद्धवकडं पाहिलं, पाटाशेजारची हळदीची वाटी उचलली आणि उपडी केली नाही, फेकली नाही, फक्त पदराखाली धरून घराकडं चालू लागली. हळद गेली म्हणजे हळद लागणं गेलं. कोणी तिला अडवलं नाही.

त्या आखाजीला गाड्या ओढायच्या तर होत्याच. किसनरावांनी घरटी एक माणूस काढायला लावला, लांब दोर बांधला, आणि बारा गाड्या गावानं ओढल्या. येळकोट झाला, भंडारा उधळला. पण पाऊस उशिरा आला तेव्हा लोक म्हणाले, खंडेराव रुसला, रुखमाबाईनं मान मोडला. काही घरांनी तिला बैल दाखवणं सोडलं. पुढच्या साली कपाशीची पऱ्हाटी चांगली पिकली, तेव्हा मात्र कोणी तिचं नाव घेतलं नाही.

सगळ्यांत महाग पडलं ते उद्धवला. गावातली पोट्टी त्याला दोन ठोक्याचा म्हणत. तो मायशी बोलायचा बंद झाला. ताट सरकवलं तर जेवायचा, नाहीतर उठून जायचा. पोळ्याच्या दिवशी ती बैलाची शिंगं रंगवत होती, तेव्हा तो कोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"माय, खरं सांग. मी मरतो का?"

"सारेच मरते."

"तसं नाई. मी लवकर मरतो का?"

रुखमाबाईनं कुंचा गेरूच्या वाटीत ठेवला. "मले नाई मालूम बाप्पा. तू पयू नको, उचलू नको, एवढं कयते मले. बाकीचं नाई कयत."

उद्धवनं आत येऊन दुसरं शिंग रंगवायला घेतलं.

पळायचं नाही, उचलायचं नाही, तर वऱ्हाडातला जवान गडी करतो काय? उद्धव दोर वळायला शिकला. अंबाडीचा वाख, पायाच्या अंगठ्यात पीळ, आणि बसल्या बसल्या दावी, कासरे, मोटेचे नाडे. हात चांगला बसला त्याचा. मोताळ्याच्या बाजारात त्याच्या दोराला ओळख झाली. तिसऱ्या वर्षी किसनराव स्वतः घरी आले, आणि बारागाड्यांचा लांब दोर वळायला त्याला सांगून गेले. तेव्हापासून दर आखाजीला साऱ्या गावाच्या हातात उद्धवचा दोर असे. बगला म्हणून आलेला तो धिप्पाड गडी एकदा म्हणाला, "उद्धवा, गाड्या तूच ओढतो बे, आमी नुसते लोंबकयतो." त्यावर उद्धव हसला. मायनं ते हसणं दाराआडून पाहिलं.

त्याचं लग्न झालं. मुलीकडच्यांना रुखमाबाईनं छातीचं सगळं आधी सांगितलं. दोन ठिकाणं त्यामुळं मोडली, तिसरं जमलं. बायको विमल, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. एक पोरगी झाली, प्रेमला.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोन-एक वर्षं झालेली, भादव्यातली सकाळ. उद्धव ओसरीत दोर वळत बसला होता. ना पळाला, ना काही उचललं. विमलनं चहा आणून ठेवला तेव्हा तो एका अंगावर कलंडलेला होता, अंगठ्यातला पीळ तसाच. सत्तावीस वर्षांचा.

मौतीला आलेल्यांत एकानं म्हटलं, "मरायचंच होतं तं गाड्या ओढून मेला असता. मान तं भेटला असता."

रुखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. "अकरा वर्सं भेटली," ती म्हणाली. "बायको भेटली, पोरगी भेटली. मान काय चाटाचा हाये?"

दहाव्यानंतर किसनराव आले. म्हातारे झाले होते. देवळापाशी उद्धवच्या नावाचा गोटा मांडावा, असं चार जणांच्या मनात होतं. तिनं नाही म्हटलं. "दोन हायेत ते पुरे. तिसरा पाहून पुढच्याले वाटन, इथं यायचंच असते." किसनरावांनी मान हलवली आणि वळायला लागले. मग थांबून म्हणाले, "दोर मात्र त्याचाच वापरू."

"वापरा. चांगला हाये."

पुढच्या आखाजीला बाहेर गाड्यांचा आवाज सुरू झाला तेव्हा रुखमाबाई कोठ्याच्या दाराशी बसली होती. चार वर्षांची प्रेमला दारातून बाहेर, बाहेरून दारात करत होती, पण अंगणाच्या पुढं जात नव्हती. पळू नको, पळू नको हे त्या घरात तिनं जन्मापासून ऐकलेलं. बापाला म्हटलेलं ते तिनंही आपल्यापुरतं घेतलं होतं.

"इकडं ये वं," रुखमाबाई म्हणाली.

पोरगी आली. बुढीनं तिचा झगा वर केला आणि त्या चिमणीएवढ्या छातीवर तळहात ठेवला. आता हातावर घट्टे होते, बोटं वाकडी झाली होती. डोळे मिटले. एक. थांबली. एक. तिनं हात उचलला नाही. बाहेर येळकोट चालला होता, गाड्यांची चाकं करकरत होती, आणि ती त्या सगळ्या गोंगाटातून मोजत राहिली. एक. एक. एक.

पुढच्या आखाजीला परत पाहायचं होतं, त्याच्या पुढच्याही. पोट्टी सोळाची होईपर्यंत दर साली. त्याला तिची ना नव्हती. पण आजचं आज.

तिनं झगा खाली ओढला, पोरीच्या पाठीवर थाप मारली.

"जाय, पय."

प्रेमलाला खरं वाटेना. "कुठी?"

"कुठी बी पय. गाड्याईच्या मागं पय."

पोरगी दोन पावलं चालली, मागं वळून पाहिलं, आणि मग धुराळ्याच्या दिशेनं सुटली.